धूळ

निपाणीच्या आमच्या घरातील संगणक दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. प्रथम विजेवर संशय आला. परंतु दिवे मंद होत नव्हते. लगेच सुरू केल्यास तो अधिकच लवकर बंद पडे. तासभर विसावल्यावर मात्र काही वेळ चाले. म्हणजे दोष उष्णतेचा! वीज तोडून झाकण उघडले, तो प्रोसेसरवरील पंखा धुळीने बुजलेला. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की बहुतेक प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ काम थांबवितात. मऊ कुंचल्याने धूळ काढली व यंत्र सुरळीत चालू लागले.

माझी आई तंबाखूच्या वखारीत दिवसभर धूळ श्वासाबरोबर घेते. परंतु खोकला आला म्हणून तिला थांबता येत नाही. त्याच सायंकाळी मी तिच्यासाठी तोंडाला बांधावयाची दुहेरी कापडाची पट्टी शिवली.