पानाची पाठ

उसाची खालची पानं काळी पडली, तेव्हा मी ती करपा समजून बुरशीनाशकाची चौकशी करत फिरलो. साल २००२, सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला तो पावसाळा. चार दिवस वाया गेल्यावर एक पान चोळून पाहिलं, तर बोटं चिकटली. मग मान वर केली. डोक्यावरच्या पानाच्या पाठीला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, पिंजलेला कापूस थापावा तसा पांढरा थर होता. मावा वर बसून रस ओढतो, त्याचा गोड चिकटा खालच्या पानावर गळतो आणि त्यावर काजळीसारखी बुरशी धरते. तेव्हापासून पान काळं दिसलं की मी त्याच्या वरचं पान उलटं करतो.

गावातले सगळे पंप घेऊन धावले, मीही धावलो. पण सात-आठ महिन्यांचा ऊस म्हणजे रान. सरीत शिरलं की पात्यांनी गाल कापतात आणि वर मारलेलं औषध आपल्याच अंगावर गळतं. माव्याच्या अंगावरची मेणाची लोकर पाणी आत जाऊ देत नाही. त्यातून त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लंच घालतात, त्यामुळे थोड्या वाचल्या तरी थर पुन्हा भरतो.

ओढ्याकडच्या तुकड्यात मात्र पंप पोचलाच नव्हता. पंधरवड्यानं तिथं गेलो तर लोकर विस्कटलेली, जागोजाग जाळी आणि जाळीत अळ्या. ही दुसरी कीड म्हणून मी चिरडायलाच निघालो होतो! शेजारच्या जाणत्या काकांनी हात धरला. ती डिफाची अळी होती, आणि ती मावाच खात होती. फवारलेल्या उसात ती एकही सापडली नाही. आमच्याच औषधानं ती मेली असणार, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढं अळ्या असलेल्या पानांचे तुकडे कापून आम्ही किडक्या पानांना टाचले. शिफारस हेक्टरी १००० डिफाच्या किंवा मायक्रोमस या मावा खाणाऱ्या दुसऱ्या कीटकाच्या २५०० अळ्यांची आहे.

तेव्हा पांढरं दिसलं की लगेच पंप भरू नका. आधी लोकरीत जाळी आहे का ते बघा. असली तर त्या उसात औषध मारू नका. आणि मावा लागलेलं वाढं वैरणीसाठी दुसऱ्या शिवारात नेऊ नका.