निवाड्यानंतरचा पगार

कामगाराच्या बाजूने निवाडा लागला की प्रकरण तिथेच मिटलं पाहिजे, वर हायकोर्टाचं काय काम, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत असे. परळ-लालबागच्या युनियन कचेऱ्यांत याहून वेगळं मत ऐकूच येत नसे. बडतर्फीचं पत्र, एन्क्वायरी, मग कामगार न्यायालय. तिथे जिंकलात तर औद्योगिक न्यायालयात रिव्हिजन, मग फोर्टात हायकोर्ट, शेवटी दिल्ली. मालकाच्या खातेवहीत वकिलाची फी हा एक रकाना. कामगाराच्या घरात तेवढ्या काळात मुलांची शाळा सुटते.

म्हणून मला लवादाचं भारी कौतुक. 2025 साली रद्द झालेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 10-अ कलमाखाली दोघांनी मिळून माणूस निवडायचा आणि तो सांगेल ते मानायचं. वरळीच्या हिंद सायकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली ठरवलं की असा लवाद म्हणजे न्यायाधिकरण नव्हे, त्याच्याविरुद्ध थेट आमच्याकडे अपील नाही. हा निकाल मी कौतुकाने सांगत फिरायचो.

माझं मत फिरवलं ते गुजरात स्टील ट्यूब्स कंपनीच्या खटल्याने. 1973 चा संप, शेकडो कामगार एका फटक्यात बाहेर. लवादाने मालकाची कारवाई उचलून धरली. माझ्या तर्काने विषय तिथेच संपायला हवा होता! पण गुजरात हायकोर्टाने तो निवाडा फिरवला, आणि 1979 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. देसाई यांनी हायकोर्टाची बाजू घेतली, न्या. कोशल यांचं मत विरुद्ध पडलं. बडतर्फीची शिक्षा तपासून सौम्य करण्याचा जो अधिकार 1971 च्या दुरुस्तीने 11-अ कलमात आला, तो लवादालाही आहे आणि त्याच्या निवाड्यात हायकोर्ट हात घालू शकतं, असं ठरलं. निवाडा अंतिम असावा असं मी म्हणत होतो ते तो आपल्याच बाजूने लागणार हे गृहीत धरून.

याचा अर्थ वरच्या कोर्टांच्या गळ्यात हार घालायला मी निघालोय असा नव्हे. पुण्याच्या भारत फोर्जमधला एक कामगार 1983 साली ड्युटीवर झोपलेला सापडला. खाली त्याला दिलासा मिळाला. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. आधी तीनदा शिक्षा झाली होती हे खरं, तरी मला ती जड वाटते. पण शिक्षेपेक्षा मधली दोन दशकं जास्त खुपतात.

त्या वर्षांत माणूस खातो काय? लालबागमध्ये कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वडापाव तळला, कुणी रात्रीची टॅक्सी चालवली. मग उलटतपासणीत मालकाचा वकील विचारणार, ‘म्हणजे तुम्ही कमावत होतात ना?’ उपाशी राहिला असता तर मागचा पगार पुरा, हातपाय हलवले म्हणून कापायचा, असा हा हिशेब. 2013 च्या दीपाली सुरवसे खटल्यात यावर चांगला निकाल आला. शिक्षिकेला न्यायाधिकरणाने पूर्ण मागील वेतन दिलं होतं, औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने परत दिलं. नोकरी नव्हती एवढं कर्मचाऱ्याने सांगावं. होती असं म्हणायचं तर पुरावा मालकाने आणावा. गंमत बघा, हायकोर्टाची चूक दुरुस्त झाली तीही आणखी एका फेरतपासणीतच.

तेव्हा फेरतपासणी राहावी. पुरावा नव्याने तोलू नये, कायद्याची उघड चूक असेल तरच हात घालावा. खरा आधार मला औद्योगिक विवाद कायद्यात 1984 साली लागू झालेल्या 17-ब कलमात दिसला: पुन्हा कामावर घ्या या आदेशाला मालकाने वरच्या कोर्टात आव्हान दिलं, तर ते चालेपर्यंत दुसरीकडे नोकरी नसलेल्या कामगाराला शेवटचा पगार चालू राही. पण त्यासाठीही कामगारालाच प्रतिज्ञापत्र करून कोर्टाची पायरी चढावी लागे. माझं म्हणणं आता एवढंच आहे: स्टे मागायला येणाऱ्या मालकाकडून आधी पगार भरून घ्यावा, सुनावणी मग सुरू करावी.