भाऊसाहेबांचं बिऱ्हाड

आमच्या बोक्याला घरातले सगळे अहो-जाहो करायचे. ही प्रथा सासूबाईंनी पाडली. २०१२ च्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा मिरजेहून कोलोरॅडोला आल्या, तेव्हा करड्या पट्ट्यांचा, रुंद गालांचा हा गडी नेमका त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत पसरला होता. हुसकावलं तरी हलेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो भाऊसाहेब, जरा सरकता का?" आणि तो सरकला. वीतभरच, पण सरकला. तेव्हापासून ते भाऊसाहेब.

आदल्या वर्षी त्यांना प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलं होतं. दात बघून तिथल्या डॉक्टरांनी वय वर्षभराचं ठरवलं. दुधाकडे ते ढुंकूनही बघत नसत. तूप कढायला ठेवलं की मात्र घरात असतील तिथून ओट्याशी हजर. सासूबाई पूजेला बसायच्या आधी त्यांचं आसन भाऊसाहेबांनी अडवलेलं असे. मग रोज तोच संवाद, तेच वीतभर सरकणं, आणि उरलेल्या आसनावर सासूबाई कशाबशा टेकलेल्या. मांजर आडवं गेलं की परत फिरून पाणी पिणारी ही बाई, चार महिन्यांत त्यांच्यासाठी ताटातली साय बाजूला काढू लागली.

आमचं सुपिरिअर हे बोल्डर आणि डेन्व्हरच्या मधलं छोटं गाव. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या, आणि टेकड्यांपासून वस्तीपर्यंत गवताळ रान. २०२१ चा वसंत पावसाचा गेला, गवत माजलं. उन्हाळा उलटल्यावर पावसाने दडी मारली आणि डिसेंबर सरत आला तरी धड बर्फ पडला नव्हता. ३० डिसेंबरला सकाळपासून डोंगरावरून वारं सुटलं. काही ठिकाणी त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला. वणवा म्हटलं की आपल्याला घाटातलं रान आठवतं. इथे गवत पेटलं, गवतावरून लाकडी कुंपणं, कुंपणांवरून घरं, आणि पुढे एक घरच शेजारच्या घराला पेटवत गेलं. सुपिरिअर, लुइसव्हिल आणि आसपासची मिळून १,०८४ घरं गेली. 'मार्शल फायर' असं त्या आगीचं नाव पडलं. दोन माणसं दगावली.

फोनवर सूचना वगैरे आम्हाला काही आली नाही. शेजाऱ्याने दार बडवलं, तेव्हा आकाश तपकिरी झालं होतं. मुलीला नाताळची सुट्टी होती, नवरा डेन्व्हरला ऑफिसात. भाऊसाहेब पलंगाखाली, पार भिंतीच्या कोपऱ्यात. त्यांचा कॅरियर गॅरेजच्या माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे. शिडी लावायला वेळ कुठला! मुलीने उशीचा अभ्रा ओढून काढला, मी पलंग सरकवला, आणि भाऊसाहेबांना मागच्या पायांकडून अभ्र्यात कोंबलं. माझ्या मनगटावर त्याची निशाणी अजून आहे. पासपोर्टांची फाईल, लॅपटॉप, देवांतला बाळकृष्ण आणि एक गुरगुरणारा अभ्रा, एवढं घेऊन आम्ही निघालो. मॅककॅसलिन रस्त्यावर गाड्या तसूतसूने पुढे जात होत्या.

त्या रांगेत असतानाच पलीकडच्या घरातल्या आजींचा फोन आला. त्या मुलाकडे अ‍ॅरिझोनात गेल्या होत्या. त्यांची दोन मांजरं घरात होती, किल्ली कुणाकडेच नव्हती. मागे वळायला रस्ताही नव्हता.

संध्याकाळी आम्ही मैत्रिणीच्या घरी असताना सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मिरजेत नुकतं उजाडलं होतं. बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. मुलगी दिसली, मी दिसले, तशी त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब कुठं आहेत?" मुलीने कॅमेरा सोफ्याखाली नेला. दोन डोळे चमकले. मगच त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. चोवीस तास आधी पडता तर काय, हे त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी होतं.

आमचं घर जळालं होतं. त्यानंतर दोन वर्षांत आमची तीन बिऱ्हाडं झाली, आणि तिन्ही भाऊसाहेबांनी लावली असं मी म्हणते. मांजराच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात. वस्तूवर गाल घासून ते आपला वास सोडतं, आणि आपला वास असेल तिथेच ते निर्धास्त होतं. आमच्याकडे आता आमच्या वासाचं काही उरलंच नव्हतं. मैत्रिणीच्या घरातली खोली तिच्या वासाची. लोकांनी प्रेमाने दिलेले कपडे, पांघरुणं, सोफा, सगळ्यांना परक्या घरांचे वास. मला त्यात झोप लागत नसे आणि कारण उमगत नसे. भाऊसाहेबांना ते पहिल्या रात्रीच उमगलं. पलंगाचे पाय, दाराची चौकट, दान आलेल्या कोटाची बाही. भूमापन खात्याच्या माणसासारखे ते कोपरा न् कोपरा घेत फिरले. हे काम दिवसचे दिवस चालायचं, आणि ते पुरं झाल्याशिवाय ते उघड्यावर झोपत नसत.

मैत्रिणीच्या मुलाला मांजराने शिंका येऊ लागल्या, म्हणून लाफाएटला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हजारावर कुटुंबं एकाच वेळी भाड्याचं घर शोधत होती, त्यात मांजर म्हटलं की निम्मी दारं बंद. जे उघडलं तिथे भाऊसाहेबांची वेगळी अनामत आणि दरमहा वेगळं भाडं. घरात बसून भाडं भरणारा हा पहिलाच बोका, असं नवरा म्हणायचा.

भाड्याचं निघालं म्हणून विम्याचंही सांगते. जळालेल्या प्रत्येक वस्तूची यादी द्यायची होती. वस्तू काय, कधी घेतली, केवढ्याला. रात्री आम्ही तिघं टेबलाशी बसून एकेक खोली डोळ्यांपुढे आणत असू. पोळपाट, पुरणयंत्र, पैठणी. पैठणीचं तिथल्या माणसाला काय सांगावं? मांजराचा नखं घासायचा खांब, त्याची मातीची पेटी, पाण्याचं भांडं, हे सगळं यादीत बसलं. खुद्द मांजर बसत नाही. इथल्या घरविम्याच्या नेहमीच्या करारात प्राणी, पक्षी आणि मासे स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. आजींच्या यादीत दोन बिछाने होते.

त्या आजी परतल्या त्या थेट पिंजरे घेऊन. अख्खा हिवाळा स्वयंसेवक राखेतून हिंडत होते. खाणं ठेवायचं, कॅमेरा लावायचा, सकाळी ठसे बघायचे. जमेल तेव्हा मीही जात असे. काही मांजरं आठवड्यांनी सापडली, पंजे भाजलेली. आजींची नाही सापडली. त्या आगीत हजाराहून जास्त पाळीव जनावरं गेल्याचा अंदाज आहे. भर दुपारची वेळ, माणसं कामावर किंवा सुट्टीला गावाला, आणि दारांना कुलपं.

आमच्या राखेत लोखंडी तवा सापडला. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरचं चकचकीत थारोळं झालं होतं. भाऊसाहेबांचा चिनी मातीचा वाडगा अखंड निघाला. भट्टीत भाजूनच झालेला तो. मुलीने तो धुऊन त्यांच्यापुढे ठेवला. सगळ्यांचे डोळे भरून आले. भाऊसाहेबांनी हुंगलं, शेपटी उचलली आणि निघून गेले. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, आमच्यात शहाणे तेच. राखेचा वास असलेल्या भांड्यात कोण जेवणार?

२०२३ च्या दिवाळीनंतर त्याच जागेवर नवं घर उभं राहिलं. रंगाचा, कोऱ्या लाकडाचा वास, भिंतींवर एक ओरखडा नाही. आम्ही घरात पाहुण्यांसारखे वागत होतो. चहाचा कपसुद्धा हलक्या हाताने ठेवायचा. भाऊसाहेब तेव्हा तेरा वर्षांचे, गुडघे दुखत होते, तरी एकेक खोली घेतली. सर्वांत शेवटी देव्हाऱ्यासमोरचं आसन. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या, आसनाकडे बघून म्हणाल्या, "सरकता का?" ते सरकले नाहीत. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या.

एक गोष्ट मात्र ते कधी विसरले नाहीत. उशांचे अभ्रे बदलायला काढले की म्हातारे भाऊसाहेब जिन्यावरून दिसेनासे होत.

२०२५ च्या मार्चमध्ये मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टर घरी आले, भाऊसाहेब आसनावरच गेले. ते प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. हट्टी होते, आपमतलबी होते आणि तुपाच्या बाबतीत लाचार होते.

तुमच्या घरात मांजर असेल तर एवढं करा. त्याचा पिंजरा माळ्यावर टाकू नका; दार उघडं ठेवून, आत जुनी चादर घालून तो घरातच एका कोपऱ्यात असू द्या, म्हणजे ते आपण होऊन त्यात झोपेल. आणि घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा.