रांगेतला पहिला वारकरी

आषाढात निलंग्याहून निघायचं तर गाड्यावरचा निलंगा राईस खाऊन निघावं. पुढे एसटी कुठे किती वेळ अडकेल याचा भरवसा नसतो. औशाच्या रस्त्याला लागल्याबरोबर दिंड्या दिसायला लागल्या. पुढे पताकावाले, मागे टाळकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया आणि सगळ्यांत शेवटी ताडपत्री बांधलेला सामानाचा टेम्पो. औसा, तुळजापूर, सोलापूर करत पंढरपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता गाडी हळूच बाजूने काढत होता. एरवी या रस्त्यावर एवढी सभ्यता दिसत नाही.

या प्रवासाला निमित्त होतं लातूर जिल्ह्यातल्याच एका जोडप्याचं. १२ जुलै २०१९. आषाढी एकादशीची पहाट. विठ्ठलाच्या शासकीय महापूजेला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सपत्नीक बसले होते. त्यांच्या शेजारी मानाचे वारकरी म्हणून उभे होते विठ्ठल चव्हाण आणि प्रयागबाई चव्हाण. गाव सांगवी-सुनेगाव तांडा, तालुका अहमदपूर. चव्हाण १९८० पासून वारी करतात, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं. तरीही त्यांना मान मिळाला तो या चाळीस वर्षांसाठी नव्हे. महापूजेच्या वेळी दर्शनाच्या रांगेत हे जोडपं पुढे होतं, एवढंच.

ही पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. आषाढीला दर्शनाची रांग मंदिरापासून निघून पत्राशेडमधून गोपाळपूरच्या दिशेला लांबत जाते. माणसं त्यात तासन्‌तास उभी असतात. पावसात, चिखलात, एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या काढत. पूजेची वेळ झाली की रांगेत जे दांपत्य पुढे असेल त्याला आत बोलावलं जातं. तिथे ना अर्ज, ना शिफारस, ना वाऱ्यांचा दाखला. पूजा आटोपली की सत्कार होतो आणि एसटीचा वर्षभराचा मोफत पास हातात दिला जातो. आयुष्यभर पायी चालत आलेल्या माणसाला बक्षीस म्हणून बसचा पास! यातली गंमत वारकऱ्यांच्या लक्षात येत नाही असं कुणी समजू नये.

औशाला उतरून नाथांच्या मंदिरात जाऊन आलो. औसेकर महाराजांच्या परंपरेतलं चक्रीभजन इथून पंढरपुरापर्यंत पोचलं आहे, आणि गहिनीनाथ महाराज औसेकर हे विठ्ठल-रुक्मिणी मंदिर समितीचे सहअध्यक्ष म्हणून ओळखले जातात. व्यवस्था बघणारे लातूरकडचे आणि रांगेत ताटकळणारेही लातूरकडचे. मराठवाड्याचं पंढरपूरशी नातं तसं जुनंच. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, गोरोबाकाका तेरचे. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेही पंढरपूर-कुर्डुवाडीच्या मार्गानेच.

तुळजापूरच्या वाटेवर उजनी लागते. (ही धरणाची उजनी नव्हे, बासुंदीची.) तिथे एक दिंडी दुपारच्या विसाव्याला थांबली होती. एका म्हाताऱ्या बाबांच्या गळ्यात वीणा होती. सगळे जेवायला बसले तरी ते उभेच. विचारलं, तर हसले. म्हणाले, "वीणा खाली ठिवत नसत्यात माऊली. दुसरा आला की द्यायची, मग जेवायचं." थोड्या वेळाने एक तरुण पोरगा हात धुऊन आला. दोघे एकमेकांच्या पाया पडले, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली आणि बाबा पत्रावळीपुढे बसले. किती वाऱ्या झाल्या, या प्रश्नावर त्यांनी हातानेच नको म्हटलं. "कोन मोजतंय? पाय हायेत तवर जायाचं."

दिंडीतला खरा मान इथे दिसतो. दिंडीत जुन्या माणसाला प्रशस्तिपत्र देत नाहीत, त्याच्याकडे काम देतात. वीणा त्याच्या गळ्यात, आणि भजन कुठे थांबवायचं हे त्याच्या एका नजरेवर. सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि त्यात दोघांनाही वावगं वाटत नाही.

जगात दुसरीकडे चालणाऱ्यांचा मान वेगळ्या तऱ्हेने होतो. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाट आहे. एमा गेटवूड ही अकरा लेकरांची आई १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती एकटीने सलग चालून गेली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. त्या वाटेच्या संग्रहालयाने मानकऱ्यांची यादी सुरू केली २०११ मध्ये आणि पुढच्याच वर्षी गेटवूडबाईंचं नाव त्यात घातलं. तोवर त्या जाऊन चार दशकं होत आली होती. तिथे नावं सुचवली जातात, निवड होते, कामगिरी तपासली जाते. तेही योग्यच आहे. पण तिथे चालणारा एकटा असतो आणि त्याचं अंतर त्याच्या नावावर लागतं. दिंडीत अंतर कुणाच्याच नावावर लागत नाही.

पंढरपूरच्या मानालाही वळणं आली आहेत. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पूजेला आले नाहीत, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या जाधव दांपत्याच्या हस्ते महापूजा झाली. २०२० मध्ये करोनामुळे रांगच नव्हती. तेव्हा मंदिरात वीणेचा पहारा देणाऱ्यांतून मानाचा वारकरी निवडला गेला. मला विचाराल तर त्या वर्षीची निवड सगळ्यांत चपखल होती.

सोलापूर सोडल्यावर रस्ता माणसांनी भरून गेला आणि गाडी पावलांच्या वेगाने चालू लागली. पंढरपुरात रांगेच्या कडेने चालताना एक विचार मनात आला: सर्वाधिक वाऱ्या केलेल्याला हा मान का देऊ नये? पण तसं केलं तर दुसऱ्या दिवसापासून लोक वाऱ्या मोजायला लागतील, दाखले गोळा करतील, आणि उजनीच्या त्या बाबांचा नंबर कधीच लागणार नाही. आहे ती रांगच बरी. २०१९ नंतर आषाढीचा हा मान नगर, वर्धा, बीड, नाशिक या जिल्ह्यांत गेला. २०२५ च्या आषाढीपर्यंत तरी लातूरकडे परत आलेला नाही.