भिंत बघायला आलेली माणसं

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही दोघं इजिप्तला गेलो. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमानाने कैरो. सोबत टूर कंपनीचा गट आणि बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी. पिरॅमिडपाशी मन फारसं रमलं नाही. उंटवाल्यांना चुकवण्यातच अर्धा वेळ गेला. गोडी लागली ती पुढे, लक्झर ते अस्वान असं नाईलमधून बोटीने जाताना. काठाला बोट लागली की उतरायचं, देऊळ बघायचं, पुन्हा बोट.

कर्नाकच्या मंडपात 134 खांब आहेत, त्यातले मधले बारा सुमारे 21 मीटर उंच. मान दुखेपर्यंत बघितले. आमचा गाईड मोठा हौशी. नुसतं ‘बघा’ म्हणायचा नाही, वाचायला लावायचा. दोरीच्या लांबट वेटोळ्यात कोरलेली चिन्हं म्हणजे राजाचं नाव. दुसऱ्या रामसेसने स्वतःचं नाव फार खोल कोरून घेतलं, मागून येणाऱ्या कुणाला ते सहजी खोडता येऊ नये म्हणून. आधीच्या राजांच्या मूर्तींवर आपलं नाव घालण्याचा उद्योग त्याने स्वतःच केलेला, तेव्हा भीती असणारच!

लक्झरच्या देवळात मात्र मी थबकले ते अबू हग्गागच्या मशिदीपाशी. मशीद देवळाच्या आतच आहे, आणि तिचा जुना दरवाजा भिंतीत बराच वर, अधांतरी. मशीद बांधली तेव्हा देऊळ मातीखाली गाडलेलं होतं, त्या काळची जमीनच तेवढी वर होती. नंतर उत्खनन झालं आणि दार वर राहिलं. फिलीला इसिस देवीच्या देवळात ख्रिस्ती लोकांनी कोरलेले क्रूस दिसले. देऊळ तेच, त्यात हात जोडणारे बदलत गेलेले.

तिथेच गाईडने विचारलं, तुमच्याकडेही अशी जुनी देवळं असतील ना? गटातून वेरूळ-अजिंठा आलंच. ह्यांना राहवेना. आमच्या जिल्ह्यातच आहे म्हणत ह्यांनी मोबाईलवर धारासूरच्या गुप्तेश्वराचा फोटो काढून दाखवला. नोकरीत असताना ह्यांच्या त्या बाजूला खेपा व्हायच्या. गाईडने फोटो मोठा केला, भिंतीवरच्या एका मूर्तीवर बोट ठेवलं आणि ‘हा कोण?’ म्हणाला. ह्यांनी घाईघाईने जेवणाची वेळ विचारली.

परत आल्यावर संक्रांतीच्या आसपास भाच्याला गाडी काढायला लावली. गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. पोखर्णी, दैठणा मागे पडलं. तुरी काढणीला आलेल्या, ज्वारी हुरड्यात. धारासूर गंगाखेड तालुक्यात, गोदेच्या काठाला. गावात शिरल्यावर देऊळ विचारावं लागत नाही. काळ्या दगडाचं, ताऱ्यासारखे कोन काढत गेलेलं, वर विटांचं शिखर. विटांचं शिखर आपल्याकडे फारसं कुठे बघायला मिळत नाही.

आत महादेवाची पिंड. दर्शन घेतलं, आणि मग बाहेर येऊन इजिप्तची सवय लागल्यासारखे भिंतीला लागलो. सुरसुंदरी एकीपुढे एक उभ्या. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात कोपरापासून नाही. पण कमरपट्ट्याच्या मण्यांची ओळ अशी, की वाटावं सोनाराने नुकतीच ओवून दिली. मध्ये मध्ये विष्णू. सगळे सारखेच दिसतात, चार हात आणि त्यात शंख, चक्र, गदा, पद्म. खरी गंमत तिथेच आहे. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात, आणि दर प्रकाराला एक नाव आहे. संध्येत केशवाय नमः, नारायणाय नमः म्हणतात तीच ही चोवीस नावं. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर केशव. मुंजीपासून पाठ असलेली नावं ह्यांना अशी भिंतीवर भेटली. मग काय, वही काढून हात मोजत बसले. भाचा सावलीला जाऊन झोपला.

भिंतीवर एवढे विष्णू आणि आत पिंड, हे कसं? जाणकार हे मूळचं विष्णूचंच देऊळ मानतात. मला फिलीचे क्रूस आठवले. पूजा चालू राहिली म्हणून इथे राबता राहिला, दिवा लागत राहिला, हेही काही थोडं नाही.

मात्र दगडाचे हाल होतात. ह्या बांधणीत चुना नाही. खाचा आणि दगडाचं वजन, एवढ्यावर सगळं उभं. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण चुन्याशिवाय बांधायची ही रीत तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्या आधीपासूनची. इजिप्तला कोरड्या वाळूने देवळं राखली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया हलला की वरचे सांधे सुटतात. त्या सांध्यात पिंपळ उगवला की संपलंच. धारासूरचं देऊळ उतरवून, पाया नीट करून पुन्हा रचायचं काम पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं. आम्ही गेलो तेव्हा गावात त्याची नुसती बोलणी होती.

ती आम्हाला कळली एका म्हाताऱ्या मावशींकडून. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत पायरीवर बसल्या होत्या.

“देव आत हाय की. बाहीर काय हुडकायलाव?”

ह्यांनी केशव दाखवला, हात कसे मोजायचे ते सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या मनातलं विचारलं, “समदं उतरवणारेत म्हनं. पुन्हा तसंच बसंल का वो?”

मग ह्यांना जोर चढला. पायरीवरच इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळाची गोष्ट सांगायला बसले. नाईलवर धरण होणार, देऊळ बुडणार, म्हणून 1964 ते 68 मध्ये डोंगरात कोरलेलं देऊळच कापून काढलं. हजारावर तुकडे, एकेक वीस-वीस टनांचा. सुमारे 65 मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं. वर्षातून दोनदा सकाळचं ऊन थेट गाभाऱ्यात पोचायचं, ते अजूनही पोचतं. गाभाऱ्यात तीन देव आणि चौथा खुद्द राजा.

“राजा सोताच देवाच्या शेजारी बसला?”

“हो.”

“आन् निवद कोण दाखवतं तिथं?”

“आता कुणी नाही, मावशी. तिकीट काढून बघायचं.”

“मंग आमच्या महादेवाला हलवताना पूजा कुठं मांडायची, ते इचारून या की कुनाला तरी,” असं म्हणून त्या उठल्या आणि आम्हाला चहाला घरी घेऊन गेल्या.