काकीमांचा कागद

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि गरियाहाटजवळ एका घरी पेइंग गेस्ट म्हणून राहते. २०२५ च्या नोव्हेंबरात इथे मतदारयाद्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि घरोघरी जुन्या ट्रंका उघडल्या. आमच्या घरमालकीण काकीमांनीही एक पिवळा पडलेला कागद काढला. भारतीय नागरिकत्वाचं प्रमाणपत्र! लग्न होऊन त्या बांगलादेशातल्या बारिशालहून इथे आल्या होत्या.

"हा परत घेतील का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बी.ए. इंग्लिश, मला कायदा कुठला कळायला? पण त्या रात्री वाचत बसले. तुम्हालाही सांगते.

नागरिकत्व कायदा, १९५५, कलम १०. जन्माने भारतीय असलेल्यांना ते लागू नाही. काकीमांसारख्या, लग्नानंतर नोंदणीने नागरिक झालेल्यांना लागू आहे. पण कारणं ठरलेली: अर्जात फसवणूक, राज्यघटनेशी द्रोह, युद्धात शत्रूला मदत, पहिल्या ५ वर्षांत २ वर्षांची कैद, सलग ७ वर्षं परदेशात वास्तव्य. शिवाय आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि परदेशातल्या वास्तव्याचं कारण सोडून इतर कारणांत चौकशी समितीची मागणी करता येते.

तेलंगणाचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश यांना २००९ मध्ये भारतीय नागरिकत्व मिळालं. अर्जाआधीच्या वर्षातलं परदेशातलं वास्तव्य लपवलं म्हणून केंद्राने ते रद्द केलं. जुलै २०१९ मध्ये हायकोर्टाने तो आदेश बाजूला सारला. नागरिकत्व राहणं लोकहिताला बाधक आहे का, तेही तपासा, असं सांगितलं. केंद्राने पुन्हा रद्द केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने ते कायम ठेवलं. वर ३० लाखांचा भुर्दंड.

सकाळी हे ऐकून काकीमा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी वय दोन वर्षं कमी लिहिलं होतं. लग्नात तसंच सांगितलं होतं ना!"

मला हसू आलं, पण त्यांचा हात थरथरत होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलं होतं की कुठलंही खोटं पुरेसं नाही. नागरिकत्व मिळण्यात त्या खोट्याचा वाटा असायला हवा. आपल्याकडे लोकहिताचा प्रश्न विचारावाच लागतो. एवढं सांगितल्यावर त्यांनी चहा ठेवला.

तुमच्या घरात असा कागद असेल, तर मूळ प्रत जपा, झेरॉक्स वेगळी ठेवा आणि नोटीस आलीच तर ती न उघडता ठेवू नका. माझ्यापाशी असा कागदच नाही. तो लागेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. काकीमा मात्र इतकी वर्षं तो ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या साडीखाली जपून आहेत.