सूचीकडून नोंदीकडे

सूची ही संहिता नव्हे; संहितेकडे जाण्याची ती वाट होय. ग्रंथालयात सर्वमान्य असलेले हे तत्त्व संगणकाच्या पडद्यावर मात्र सहज विसरले जाते. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकासाठी रचलेला ‘ऑर्ग-मोड’ या दृष्टीने विचारार्ह ठरतो.

त्यात टिपणे, कामे आणि तारखा साध्या मजकुराच्या फायलींत लिहिल्या जातात. शीर्षकाआधीच्या तारकांच्या संख्येवरून त्याची पातळी ठरते, आणि तपशील त्याखाली येतो. ‘अजेंडा’ हे दृश्य अनेक फायलींतून त्या त्या दिवसाच्या नोंदी वेचून एकत्र मांडते. ही यादी मागणीनुसार घडते. ती मिटवली तरी मूळ नोंदींना धक्का लागत नाही.

परंतु वेचलेली ओळ संदर्भापासून तुटते. प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या अभ्यासकापुढे ‘तिसऱ्या प्रकरणातील पाठ ताडणे’ एवढेच शब्द उमटतात. पाठ कोणत्या प्रतीशी ताडायचा, कोणत्या शंकेपोटी, हे सारे मूळ नोंदीतच राहते. नियोजित दिवस उलटला की तीच ओळ, मागे पडलेल्या दिवसांचा आकडा घेऊन, रोज पुन्हा समोर येते. आकडा वाढतो, शंका मात्र दिसत नाही.

तरीही ती ओळ अनाथ नसते. मूळ स्थानाची अदृश्य खूण तिच्याशी जोडलेली असते. ‘स्पेस’ कळ दाबली की नोंद शेजारच्या चौकटीत दिसते, वाचक यादीतच राहतो. ‘टॅब’ दाबली की तो नोंदीत पोहोचतो, यादी शेजारी उरते. ‘रिटर्न’ने यादी दृष्टीआड होते आणि नोंदच पडदा व्यापते. डोकावणे, जाणे आणि स्थिरावणे या वाचनाच्याच तीन अवस्था होत.

या तिन्हींना वगळणारी एक सोयही आहे. ‘टी’ कळ दाबून यादीतूनच कामाची स्थिती बदलता येते आणि तो बदल मूळ फायलीत उमटतो. किरकोळ कामासाठी हे इष्टच आहे. पाठ ताडण्याच्या कामावर मात्र असा ‘झाले’चा शिक्का बसला, तर स्वतःच नोंदवलेली शंका न वाचताच निकालात निघते.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अर्थापुढे ‘ज्ञा’ हे संक्षेपाक्षर आणि अध्याय व ओवी यांचे आकडे येतात. तो निर्देश ‘ज्ञानेश्वरी’ उघडण्यासाठी आहे. कोशातून अवतरण उचलून थेट तळटीप देणारा आणि यादीतून काम संपवणारा, हे दोघेही निर्देशालाच वाचन समजतात. यादीने वाट दाखवली, खूण जपली. नोंदीत शिरण्याचा निर्णय वाचकाचा असतो, आणि अभ्यासाची नैतिकता त्या निर्णयात असते.